कळले तर कळवले पाहिजे

खेड्यात काही झाकून राहत नाही. कोणाची म्हैस आटली, कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाच्या घरी भांडण झाले, सारे चार घरांना कळते. विहिरीवर बोलणे होते, पारावर बोलणे होते. मग एखाद्या पोरावर घरात किंवा शाळेत जुलूम होत असेल, तर तेवढेच कसे कोणाला कळत नाही?

कळते. पुष्कळ वेळा कळते. शेजारणीला कळते, मास्तरांना कळते, दवाखान्यातल्या नर्सबाईंना कळते. पण बोलत कोणी नाही. "आपल्याला काय करायचंय?" "त्यांच्या घरचा मामला हाय." "उगाच कोर्टकचेरीचं झेंगट कशाला?" अशी बोलणी होतात आणि तोंडे मिटतात.

मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल आणि ते आपल्याला कळले असेल, तर गप्प बसणे हा कायद्याने गुन्हा आहे. ज्याने अत्याचार केला त्याचा गुन्हा तर आहेच. पण ज्याला कळले आणि ज्याने कळवले नाही, त्याचाही गुन्हा आहे. ही गोष्ट अजून पुष्कळांना ठाऊक नाही. म्हणून आम्ही ती इथे जरा उलगडून सांगत आहोत.

हा कायदा कोणता?

२०१२ साली आपल्या संसदेने मुलांसाठी एक कायदा केला. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. त्याचे नाव लांबलचक आहे : 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम'. लोक त्याला 'पोक्सो' म्हणतात. वर्तमानपत्रातही हाच शब्द छापून येतो. तुम्ही तो वाचला असेल.

या कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांच्या आतले कोणीही. मुलगी असो, मुलगा असो. मुलगा हे मुद्दाम सांगतो, कारण मुलग्यांच्या वाट्याला असे काही येतच नाही अशी आपली समजूत आहे. येते. मुलगा लाजतो, सांगत नाही, इतकेच.

बलात्कार हाच तेवढा गुन्हा, असे समजू नका. वाईट हेतूने मुलाच्या अंगाला हात लावणे, मुलाला तसा हात लावायला सांगणे, मुलापुढे घाणेरडे चाळे करणे, मोबाईलवर घाणेरडी चित्रे दाखवणे, मुलाचे तसले फोटो काढणे, हे सारे त्यात येते.

या कायद्याचे एकोणिसावे कलम खबर देण्याविषयी आहे. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा : असा गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा असा गुन्हा घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्याने पोलिसांना कळवले पाहिजे. पुढे एकविसावे कलम आहे. गुन्हा घडल्याचे माहीत असून जो कळवणार नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शाळा, वसतिगृह, कंपनी अशा संस्थेचा जो कारभारी असेल, त्याने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत कैद आणि शिवाय दंड. खबर आली आणि पोलिसाने ती लिहून घेतली नाही, तर त्या पोलिसालाही शिक्षा आहे.

खून पडला, दरोडा पडला, तर ज्याला माहीत असेल त्याने खबर द्यावी, असे फौजदारी कायद्यात आधीपासून होते. पोरांवरच्या अत्याचाराची खबर द्यायचे बंधन मात्र सर्वांवर नव्हते. आपले दागिने आणि पैसाअडका यांची काळजी कायद्याने आधी केली, लेकरांची मागाहून केली. पण केली, हे बरे झाले.

हे बंधन कोणावर?

सर्वांवर. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. शिक्षक, डॉक्टर, अंगणवाडी सेविका, आशाताई, सरपंच, शेजारी, आजी, मामा. आईसुद्धा. शिक्षेतून सूट आहे ती फक्त मुलांना. मुलाने सांगितले नाही म्हणून मुलाला शिक्षा होत नाही.

आईचे नाव घेतल्यावर थोडे थांबले पाहिजे. गुन्हा करणारा पुष्कळदा परका नसतो. तो घरातला, नात्यातला, ओळखीतला असतो. समजा, एका बाईला कळले की नवराच पोरीच्या अंगाला हात लावतो. बाई मोलमजुरी करते. घर नवऱ्याच्या नावावर. दोन पोरे आणखी लहान. तिने फौजदाराकडे जावे म्हणणे सोपे आहे. उद्या चूल कशी पेटणार, हा तिचा प्रश्न खरा आहे. तिला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. पण म्हणूनच हे बंधन एकट्या आईवर ठेवलेले नाही. तिची जाऊ, तिची शेजारीण, पोरीच्या शाळेतल्या बाई, यांपैकी ज्याला कळले असेल त्याने कळवायचे आहे. आईने तक्रार दिली तरच पोलीस येतात, असे नाही.

"पण पुरावा कुठे आहे?" असे कोणी म्हणेल. पुरावा गोळा करणे हे तुमचे काम नाही. ते पोलिसांचे काम. खरे-खोटे ठरवणे कोर्टाचे काम. तुम्ही काय ऐकले, काय पाहिले, एवढे सांगायचे. चांगल्या मनाने दिलेली खबर पुढे शाबीत झाली नाही, तरी खबर देणाऱ्यावर फिर्याद होत नाही; कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. मात्र भाऊबंदकीच्या वैरातून, कोणाची नाचक्की करायची किंवा पैसे उकळायचे म्हणून, जाणूनबुजून खोटी खबर दिली तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बांधाच्या भांडणात लेकराचे नाव ओढू नये.

चंद्रपूर जिल्ह्यातली गोष्ट

चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा म्हणून गाव आहे. तिथे एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुली राहत होत्या. २०१९ साली उघडकीला आले की त्यांतल्या काही मुलींवर अत्याचार झाले आहेत. मुलींना ज्या डॉक्टरांकडे नेले जाई, त्यांना हे कळले होते आणि तरी त्यांनी पोलिसांना कळवले नाही, असा पोलिसांचा आरोप होता. म्हणून डॉक्टरांवरही गुन्हा दाखल झाला. डॉक्टर हायकोर्टात गेले. हायकोर्टाने त्यांच्यावरचा खटला काढून टाकला. मग महाराष्ट्र सरकार दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की खटला असा सुरुवातीलाच काढून टाकता येणार नाही. तो चालला पाहिजे. डॉक्टर दोषी की निर्दोष, हे त्या निकालात ठरलेले नाही. पण कोर्टाने एक गोष्ट पक्की सांगितली. मुलावर अत्याचार झाल्याचे माहीत असून न कळवणे हा भारी गुन्हा आहे, आणि पुष्कळदा तो अत्याचार करणाऱ्याला पाठीशी घालण्यासाठीच केलेला असतो. २०१३ सालीही महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच बजावले होते.

आमच्या मते या गोष्टीत ध्यानात घेण्यासारखे हे आहे. त्या मुली घरापासून लांब होत्या. आईबाप रानात कष्ट करणारे, आठ-आठ दिवस भेट नाही. अशा मुलांच्या भोवती जी मोठी माणसे असतात, तीच त्यांचे डोळे आणि तीच त्यांचे तोंड. ऊसतोडीला जाणारी पुष्कळ माणसे पोरांना गावी म्हाताऱ्यांजवळ ठेवून जातात. पाच-सहा महिने त्या पोरांवर नजर कोणाची? शेजाऱ्याची, मास्तरांची आणि गावाची.

मिटवामिटवी

गावात असे काही झाले की चार जाणते बसतात. "पोरीची अब्रू जाईल, गावाची अब्रू जाईल, आपसात मिटवू." कुणी पैसे देऊ करतो. कुणी म्हणतो, त्याच्याशीच लग्न लावून द्या. कुणी पोरीला गुपचूप मामाच्या गावी धाडतो.

यांतले एकही कायद्याला मान्य नाही. हा गुन्हा पंचांनी मिटवण्याजोगा नाही. दंड घेऊन सोडायचा अधिकार पंचाला नाही, सरपंचाला नाही, पोलीस पाटलालाही नाही. उलट, त्या बैठकीत जे बसले त्या सर्वांना गुन्हा कळलेला असतो. म्हणजे न कळवल्याची जबाबदारी त्या सर्वांवर येते. आणि अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावले, तर बालविवाहाचा दुसरा गुन्हा डोक्यावर बसतो.

अब्रूचे म्हणाल तर कायद्याने ती काळजी घेतली आहे. मुलाचे नाव, फोटो, घर, शाळा, जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट वर्तमानपत्रात छापायची नाही. मोबाईलवर एकमेकांना पाठवायची नाही. खटला बंद दाराआड चालतो. पोर डागाळले, असे म्हणणाऱ्यांना आम्ही काय सांगावे? चोरी झाली तर ज्याचे घर फुटले त्याला आपण चोर म्हणत नाही.

खबर दिल्यावर काय होते?

लोकांना भीती वाटते ती इथे. पोराला ठाण्यात बसवतील, रात्रभर ठेवतील, दहा माणसे दहा प्रश्न विचारतील. म्हणून नियम काय आहे ते वाचा आणि वेळ आली तर तोंडावर सांगा.

खबर दिली की पोलिसांनी तिला नंबर द्यायचा, ती लिहून घ्यायची आणि लिहिलेले तुम्हाला वाचून दाखवायचे. पहिल्या खबरीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या. मुलाचा जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे घ्यायचा. शक्यतो बाई फौजदाराने घ्यायचा. जबाब घेताना अंगावर खाकी कपडे नकोत. जवळ आईबाप किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असे माणूस हवे. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपीची आणि मुलाची गाठ पडू द्यायची नाही.

मुलगी असेल तर तपासणी बाई डॉक्टरनेच करायची. "आधी पोलिसांचा कागद आणा, मग उपचार करू," असे दवाखान्याने म्हणायचे नाही.

चोवीस तासांच्या आत पोलिसांनी जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला आणि विशेष कोर्टाला कळवायचे असते. मूल घरी राहिले तर त्याला धोका आहे का, ते ही समिती पाहते. गुन्हेगार घरातलाच असेल तर मुलाच्या राहण्याची दुसरी सोय करता येते. मघाशी आम्ही जिच्याविषयी सांगितले, त्या आईसाठी ही गोष्ट मोठी आहे. महाराष्ट्र सरकारची 'मनोधैर्य' म्हणून योजना आहे. २०१३ पासून ती चालू आहे. तिच्यातून पैशाची मदत मिळू शकते. जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तिथे चौकशी करावी. वकीलही तिथून फुकट मिळतो.

आता हे सारे कागदावर आहे, प्रत्यक्षात सगळीकडे असेच घडते का? नाही घडत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. शाळेने पोलिसांना कळवले नाही आणि आईबापांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, अशी तक्रार झाली. लोक रस्त्यावर उतरले. मुंबई हायकोर्टाने कोणी अर्ज न करता आपण होऊन त्या प्रकरणात लक्ष घातले.

तेव्हा पोलिसांनी खबर लिहून घेतली नाही तर परत फिरू नका. तीच खबर कागदावर लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा. तुम्ही आता लिहू शकता. चार ओळी पुरतात. आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही," असे ऐकून घेऊ नका. खबर कोणत्याही ठाण्यात द्यावी, त्यांनी ती लिहून योग्य ठाण्याकडे पाठवावी, असा नियम आहे.

दवाखान्यातली अडचण

एक अवघड गोष्ट सांगायची राहिली. सतरा वर्षांची पोरगी, लग्न झालेले, पोटात बाळ. सासू तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाते. वय विचारतात. मग डॉक्टर पोलिसांना कळवतात. घरचे चिडतात, "आम्ही औषधाला आलो, यांनी चुगली केली."

चुगली नाही. डॉक्टरांवरही तेच बंधन आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर लग्न झालेले असले तरी कायदा तिला मूलच समजतो. बायको असली तरी अठरा वर्षांच्या आत तिच्याशी संबंध ठेवणे हा बलात्कार आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१७ साली दिला. नव्या न्याय संहितेतही तेच आहे. पण यातून वाईट हे होते, की पोलिसांच्या धास्तीने पोरीला दवाखान्यात नेतच नाहीत. कुठल्यातरी भोंदूकडे नेतात आणि पोरीच्या जिवावर बेतते. तसे करू नका. पोटात दिवस गेलेली पोरगी आधी दवाखान्यात नेली पाहिजे, मग दुसरे काही. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने थोडी वाट मोकळी केली. अठराच्या आतली मुलगी गर्भ पाडायला आली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव सांगण्याची गरज नाही.

चुकलेले मूल, मारलेले मूल

आणखी एक कायदा आहे, २०१५ चा. तो बाल न्याय कायदा. बाजारात, एस.टी. स्टँडवर, जत्रेत एखादे मूल एकटे सापडले, चुकलेले, टाकून दिलेले, कोणी वाली नसलेले, तर ज्याला ते सापडले त्याने चोवीस तासांच्या आत पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा मुलांच्या फोनवर कळवले पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "देवानं दिलं, आम्ही सांभाळतो," असे म्हणून मूल परस्पर घरी ठेवून घेता येत नाही. मन चांगले असले तरी येत नाही. त्या मुलाची आई कुठेतरी छाती बडवीत असेल.

मुलाला उपाशी ठेवणे, चटके देणे, गुरासारखे मारणे, आजारी पडले तरी औषध न देणे, यासाठी सांभाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. असा जुलूम कळवलाच पाहिजे, असे बंधन पोक्सोसारखे प्रत्येकावर नाही. पण कळवायला कोणाची आडकाठीही नाही. सावत्र पोराच्या पाठीवरचे वळ दिसले, तर कायद्याने बांधलेले नाही म्हणून तोंड फिरवायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही असतो तर कळवले असते.

मुलाने सांगितले तर

मूल धाडस करून तुमच्यापाशी आले, तर पहिल्याने त्याचे ऐकून घ्या. "खोटं बोलतोस," म्हणू नका. "तू तिथं गेलीसच कशाला?" हा प्रश्न तर विचारूच नका. "बरं केलंस बाळा सांगितलंस. तुझी काही चूक नाही," एवढे बोला. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ते काम पुढे जाणती माणसे करतील. "कोणाला सांगणार नाही," असे वचन मात्र देऊ नका, कारण तुम्हाला ते पाळता येणार नाही. प्रकार नुकताच घडला असेल तर मुलाला आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका. ते कागदात गुंडाळून ठेवा आणि मुलाला लगेच दवाखान्यात न्या.

मुलांसाठी फोनचा नंबर आहे १०९८. दहा, नऊ, आठ. पैसे पडत नाहीत. दिवसा-रात्री केव्हाही लागतो. पोलिसांचा नंबर ११२. हे दोन आकडे चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले तरी चालेल. १०९८ ला आपले नाव सांगायचे नसेल तर तसे सांगता येते. पण पोक्सोच्या कायद्यात खबर पोलिसांना द्यावी असे म्हटले आहे. म्हणून १०९८ ला सांगितल्यावर पोलिसांपर्यंत गेले का, ते विचारून घ्या. पोलीस पाटलाच्या कानावर घातले म्हणजे झाले, असेही धरू नका.

गावोगाव ग्राम बालसंरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचा अध्यक्ष असतो. अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि गावची दोन मुलेही तिच्यात असतात. आपल्या गावात ती आहे का, तिची बैठक शेवटची केव्हा झाली, हे ग्रामसभेत विचारा.

फोनवर फार बोलावे लागत नाही. "माझ्या गावाचं नाव अमुक, तालुका अमुक. शेजारच्या घरात दहा वर्षांची मुलगी आहे. तिच्यावर अत्याचार होतो असा मला संशय आहे. मी अमुक पाहिलं, अमुक ऐकलं. घर मारुतीच्या देवळामागं आहे." एवढे पुरे. समोरचे विचारतील त्याचे उत्तर द्या, आणि खबर घेणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ कागदावर लिहून ठेवा.